पान्ह्याचा कार्यक्रम

१२ जून, सकाळ

नवी वही काढली. जुनीत लोणच्याच्या बरण्यांची यादी आहे, त्यात हे लिहिणं बरं दिसत नाही.

नात नेवेना आज तेरा दिवसांची. जन्मली तेव्हा तीन किलो दोनशे, आज तीन किलो पन्नास. सून रालित्साचं अंगावरचं दूध पुरत नाही. म्हणजे येतं, पण मनापासून येत नाही. डॉक्टर पेन्चेवा (वय बत्तीस, स्वतःला मूल नाही) म्हणाली, वरचं दूध सुरू करा. मी म्हटलं, बाई गं, मी नगरपालिकेच्या बाळ-स्वयंपाकघरात अठ्ठावीस वर्षं काढलीत. गावातल्या निम्म्या पोरांच्या दुधाच्या बाटल्या ह्या हातांनी भरल्यात. बाटलीवरचं पोर कसं होतं ते मला नको शिकवूस.

माझ्या ओग्न्यानला मी दोन वर्षं अंगावर पाजलं. अडीच म्हटलं तरी चालेल.

निश्चय: नऊ जुलैला बाळंतपणाचे चाळीस दिवस संपतात. त्या दिवशी नेवेना चार किलो. निव्वळ आईच्या दुधावर.

१२ जून, संध्याकाळ

नवऱ्याला निश्चय सांगितला. दिमो म्हणाला, "दोन वर्षं?" आणि टोमॅटोला पाणी घालायला निघून गेला. पाणी सकाळीच घातलं होतं.

१३ जून

ऑनलाइन कोर्स पुरा केला. स्तनदा मातांसाठी होलिस्टिक सेल्फ-केअर. तीन लेक्चर्स. सर्टिफिकेट छापून आणलं, फ्रेम केलं, स्वयंपाकघरात देवाच्या आईच्या तसबिरीशेजारी लावलं. दोघी शेजारी शेजारी छान दिसतात.

कोर्सचं सार: दूध छातीतून येत नाही, डोक्यातून येतं. बाळंतिणीला स्ट्रेस नको. आज रालित्साला अकरा वेळा सांगितलं की स्ट्रेस घेऊ नकोस. अकराव्या वेळी रडली. हार्मोन्स.

१४ जून

कार्यक्रम लिहून फ्रिजवर लावला. सहाला उठणे, तेलाचं मालीश, कोबीची गार पानं छातीवर, बडीशेप-बाळंतशोपांचा काढा, तिळाचा हलवा, अक्रोड, दीर्घ श्वसन, दोन पेले बोझा (बाजरी आंबवून करतात तो, घट्ट. ओकारी आली तरी प्यायचा), पुन्हा काढा. मध्ये मध्ये बाळाला पाजणे.

रालित्सा म्हणाली, "आई, मला नुसतं झोपू द्याल का?" म्हटलं, झोप आहे की कार्यक्रमात! दुपारी दोन दहा ते दोन पस्तीस. ह्या पोरी नीट वाचतच नाहीत.

१७ जून

शेजारची गेर्गिना मुलगा घेऊन घरी आली. कालिन नाव ठेवलंय. आठ जूनचा जन्म, तीन किलो चारशे, गुटगुटीत. पोरगी बावीस वर्षांची, नवरा जर्मनीत ट्रक चालवतो, घरात दुसरं माणूस नाही. तिची आई रुसान्का स्पेनमध्ये एका म्हातारीला सांभाळते. रुसान्का आणि मी बाळ-स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं एकाच टेबलाशी उभ्या होतो. ती भरायची, मी बुचं लावायचे.

आज तिचा फोन. रडत होती. म्हणाली, "नेद्याल्का, म्हातारी आज जाते की उद्या अशी आहे गं, हिला टाकून निघता येत नाही. पोरगी एकटी आहे माझी. तुझ्या पदरात टाकते." म्हटलं, टाक आणि निर्धास्त राहा. दोघी बाळंतिणी, एकच कार्यक्रम. काढा तसाही जास्तच होतो.

१९ जून

कणकेचा हात तसाच, खिडकीतून बघते तर रालित्सा आणि गेर्गिना कुंपणाशी! ही अलीकडे, ती पलीकडे, दोघींच्या कडेवर पोरं, आणि खिदळतायत! दोन बाळंतिणींनी चाळीस दिवसांच्या आत समोरासमोर यायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एकीचं दूध दुसरीकडे जातं.

धावले. उतारा ताबडतोब केला: एक पाव मोडून अर्धा हिला, अर्धा तिला, कुंपणावरून, एक शब्द न बोलता. (मी बोलले. बोलणं भागच होतं.) रालित्सा म्हणते, "आम्ही फक्त झोपेबद्दल बोलत होतो हो."

नवा नियम. गेर्गिनाचे चाळीस दिवस संपेपर्यंत, म्हणजे अठरा जुलैपर्यंत, भेट बंद. फोनही बंद, लेक्चर क्रमांक दोन: स्क्रीनमुळे पान्हा आटतो. रालित्साचा फोन कपाटात. गेर्गिनाचा माझ्या ॲप्रनच्या खिशात. तिच्या नवऱ्याशी आणि रुसान्काशी मीच बोलेन. गेर्गिना "बरं मावशी" म्हणाली. गुणी पोर. सून अशी हवी होती.

२२ जून

नेवेना अजून तीन किलो शंभर. काटा बाळ-स्वयंपाकघरातला आहे. ते बंद पडलं तेव्हा प्रत्येकीने आठवण म्हणून काही ना काही घरी नेलं, मी काटा आणला. त्याचं वय झालंय, माझ्यासारखाच जरा दमाने घेतो. नक्की तीन किलो दीडशे असणार.

ओग्न्यान कारखान्यातून आला आणि बायकोशी दार लावून तासभर कुजबुजला. मग भली मोठी बॅग घेऊन बाहेर गेला, तशीच जड बॅग घेऊन परत आला. विचारलं तर म्हणाला, अवजारं.

२४ जून

एन्योव्देन! वनस्पती खुडायचा दिवस, सूर्य उगवायच्या आत, दव असताना. आज खुडलेल्याला वर्षभराचं बळ. सत्त्याहत्तर आणि अर्धी वनस्पती गोळा करायची असते. सत्त्याहत्तर रोगांना सत्त्याहत्तर, आणि ज्या दुखण्याला नाव नाही त्याला ती अर्धी.

दिमोने टेकडीपर्यंत गाडी आणली आणि गाडीतच घोरत पडला. मला एकेचाळीस सापडल्या. बाकीच्या असणारच, उजेड कमी होता. अर्धी कुठली ते माझी आजी सांगायची, पण नीट आठवत नाही. दिमोला विचारलं. म्हणाला, "अर्धी म्हणजे तोंड मिटून बसणं. ती तुला नाही सापडायची." खवचट मेला.

घरी येऊन सगळ्यांचा मिळून काढा केला. रंग उग्र. वासही. नाव ठेवलं: नेद्याल्काचा झरा.

२८ जून

जिंकले!!! नेवेना तीन किलो तीनशे दहा! सहा दिवसांत दोनशे दहा ग्रॅम! दोनदा ठेवून पाहिलं. काटा जुना आहे पण खोटं बोलत नाही.

चार दिवस झरा पाजला, त्याचा हा पराक्रम. रालित्साच्या चेहऱ्यावरही तुकतुकी आली आहे. बाळ तीन-तीन तास झोपतं. ओग्न्यान रोज संध्याकाळी मुलीला गाडीत बसवून "हवा खायला" नेतो. बापाची केवढी ओढ! परतते तेव्हा पोर तृप्त, ढेकर देत. मोकळी हवा हा सेल्फ-केअरचाच भाग आहे, बाळाचाही. कार्यक्रमात घातला.

पेन्चेवाबाईला फोन करून आकडा सांगितला. ती म्हणाली, "छान, म्हणजे सुरू केलंत तर." म्हटलं, हो, चोवीस तारखेपासून! माणसाने चूक अशी कबूल करावी. मन मोठं आहे पोरीचं.

२९ जून

झऱ्याची बरणी घेऊन गेर्गिनाकडे. कालिन तीन किलो पाचशे वीस. ठीक. पण टेबलावर बघते तर डब्याचं दूध! अंगावर पाजून झालं की वर साठ ग्रॅम देते म्हणे. डॉक्टरने सांगितलं म्हणे. मी म्हटलं, अगं, पोराला आयतं मिळालं की ते ओढेल कशाला, आणि ओढलं नाही तर येईल कुठून? नेवेनाचं उदाहरण दिलं. म्हटलं, रालित्साला बघ, नुसता झरा, एक थेंब वरचं नाही, पोर नुसती फुगतेय. मी ओग्न्यानला दीड वर्ष पाजलं ते काय डब्यावर?

गेर्गिनाचे डोळे भरले. म्हणाली, "रालित्साला जमतंय, मग मलाच का जमत नाही मावशी?" म्हटलं, जमेल. डबा जवळजवळ भरलेला होता. मोह नको म्हणून उचलून आणला. आमच्या तळघरात, लोणच्यामागे.

२ जुलै

कालिन तीन किलो तीनशे ऐंशी. काटा गेर्गिनाकडे नेताना रस्त्यात हलला असणार. नाजूक वस्तू.

पोरगं मात्र शहाणं झालंय. आधी किती रडायचं! आता हूं की चूं नाही. झऱ्याने चित्त शांत होतं हे लेक्चरमध्ये नव्हतं, हा माझा शोध.

रुसान्काला फोन केला. सगळं उत्तम सांगितलं. म्हणाली, फोटो पाठव. म्हटलं, स्क्रीन नको गं.

३ जुलै

ओग्न्यानला कारखान्याने दहा दिवसांसाठी वार्नाला पाठवलं. जाताना बायकोला म्हणाला, पुरेल ना? काय पुरेल ते नाही बोलला. पैसे असणार.

६ जुलै

लोणचं काढायला तळघरात गेले. गेर्गिनाचा डबा हलका लागला. निम्मा. तळघरात ओल फार, पावडर दबून बसते.

कालिन तीन किलो एकशे ऐंशी. गेर्गिना म्हणाली, "मावशी, सकाळपासून लंगोट कोरडाच आहे." म्हटलं, उन्हाळा आहे, घामावाटे जातं. ती म्हणाली, डॉक्टरकडे नेऊ का? मी म्हटलं, नेणारच, पण अठरा तारखेनंतर. चाळीस दिवसांत उंबरा ओलांडलास आणि वाटेत बाळंतीण भेटली, तर आहे तेही जाईल. मला तर वाटतं एकोणीस जूनलाच गेलं. तुझं दूध कुंपणावरून आमच्या रालित्साकडे आलं. म्हणून तिचं वाढलं, तुझं आटलं. सगळा हिशेब जुळतो. आमच्याकडे आलंय ते परत कसं पाठवायचं ते बघते. पाव पुन्हा मोडावा लागेल. झरा दुप्पट करायचा.

तिचा हात धरून म्हटलं, अगं मी तर नऊ महिने पाजलं ते दात ओठ खाऊन. धीर धर. पोरगीही हल्ली शांत असते.

८ जुलै

रालित्साने तिसऱ्यांदा विचारलं, "आई, गेर्गिनाचा मुलगा कसा आहे? त्याचा आवाजच येत नाही हो हल्ली." म्हटलं, तो शहाणा आहे. तू स्ट्रेस घेऊ नकोस.

जरा वाटलं, जाऊन बघावं. पण उद्या नेवेनाचा चाळिसावा, देवळात प्रार्थना, पाव, पाहुणे, हात मोकळा कुठे? परवा नक्की.

९ जुलै

नेवेना तीन किलो आठशे. चार नाही, पण चारच्या घरात. पाहुण्यांनी तोंडभरून कौतुक केलं. तिघींना झऱ्याच्या बरण्या दिल्या.

कालिनकडे जायचं राहिलं.

१० जुलै, दुपार

घाईत लिहितेय, अक्षराकडे बघू नये.

सकाळी रालित्सा तळघरातून वर आली, हातात गेर्गिनाचा डबा. रिकामा. म्हणाली, "हे काय आहे?" म्हटलं, तू तळघरात काय करत होतीस? तिने डबा उलटा धरला. बुडावर पेनने लिहिलं होतं: कालिन, सकाळी आठ, साठ.

सरळ गेर्गिनाकडे गेली. न विचारता! तिच्या चाळीसला जेमतेम एक दिवस उलटलेला, गेर्गिनाचे तर आठ दिवस बाकी. मी मागून ओरडले. पाचव्या मिनिटाला ती कालिनला छातीशी धरून रस्त्यावर, मागे गेर्गिना अनवाणी, आणि दिमोने गाडी काढलेली. पोराची मान अशी लोंबत होती. टाळू खोल गेलेली, तिच्यात अंगठा बसला असता.

मीही गाडीत बसायला निघाले. दिमोने आतून दार लावून घेतलं. बेचाळीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं.

१० जुलै, संध्याकाळ

दिमोचा फोन. कालिन जिल्ह्याच्या इस्पितळात, सलाईनवर. अंगातलं पाणी संपलं होतं. डॉक्टर म्हणाला, उद्या आणला असता तर आणायची गरज नव्हती.

डॉक्टरांना वाढवून सांगायची सवय असते. इस्पितळाच्या काट्यावर दोन किलो आठशे सत्तर भरलं. आमच्या काट्यावर तीनच्या वर होता! एकेका इस्पितळात काटेसुद्धा धड नसतात.

११ जुलै

रालित्साने सगळं सांगितलं. बावीस जूनपासून नेवेनाला वरचं दूध चालू आहे. बॅगेत अवजारं नव्हती, डबे होते. गाडीतली हवा म्हणजे बाटली. काढा रोज गुलाबांना जात होता. (गुलाब ह्या वर्षी खरंच चांगले नव्हते.) ओग्न्यान वार्नाला गेल्यावर डबे संपले, तेव्हा तिला तळघरातला सापडला.

मी म्हटलं, माझ्या तळघरात डबा दिसला, तुला काहीच वाटलं नाही? ती म्हणाली, "मला वाटलं तुम्हीच आणून ठेवलात. बोलायला लाजताय म्हणून. मला इतकं बरं वाटलं होतं आई."

मग म्हणाली, गेर्गिनाशी एकदा बोलू दिलं असतं तर मी तिला सांगितलं असतं. दोन मिनिटांचं बोलणं होतं हो.

तरीही पोटाला काढा बरा असतोच.

१२ जुलै

काट्यावर साखरेचं एक किलोचं सीलबंद पाकीट ठेवलं. एक किलो एकशे नव्वद दाखवलं.

दुसरं पाकीट ठेवून पाहिलं. तेवढंच.

ज्या तिघींना बरण्या दिल्या त्यांच्याकडे जाऊन परत आणल्या. एकीने कारण विचारलं. म्हटलं, बुरशी आली.

१३ जुलै

गेर्गिनाचा फोन आज सकाळपर्यंत माझ्याच ॲप्रनमध्ये होता. लक्षातच आलं नाही. लावून पाहिला. नवऱ्याचे चौऱ्याऐंशी मिस्ड कॉल. दिमोकडे दिला, इस्पितळात नेऊन द्यायला. त्याने घेतला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

कालिनने बाटलीतलं तीस ग्रॅम घेतलं म्हणे. तोंड उघडून, आ करून रडलाही. रालित्सा ते सांगताना रडत होती. मी भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली.

१५ जुलै

रुसान्का आली. म्हातारीला कुणाच्या तरी हवाली करून विमानाने.

मी पाव केला होता. तो घेऊन कुंपणाशी गेले. वाटलं होतं ओरडेल, चार लोकांत अब्रू काढेल, केस ओढेल. मी त्याचीच तयारी केली होती. म्हणजे मग मलाही बोलता आलं असतं.

ती ओरडली नाही. पावाकडे बघत म्हणाली, "तुझा ओग्न्यान जन्मला तेव्हा तुझं दूध अकराव्या दिवशी आटलं. तू माझ्यासमोर टेबलाला टेकून रडलीस. आठवतं? सासूला कळलं तर काय म्हणेल म्हणालीस. मी रोज संध्याकाळी तुझ्या पिशवीत दोन बाटल्या टाकायचे. वर रुमाल घालून. वर्षभर. सापडले असते तर नोकरी गेली असती माझी. मी तुला कधी म्हटलं का, धीर धर, आपोआप येईल?"

मी म्हटलं, रुसान्का, मी चांगल्यासाठीच.

ती म्हणाली, "तुझ्या पोराला मी जगवलं गं. माझं तुझ्याकडे दिलं होतं." आणि आत गेली. पाव कुंपणावर राहिला. चिमण्यांनी खाल्ला.

१६ जुलै

दिमोला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाला, "बाटल्या रात्री उकळत कोण होतं?"

मी म्हटलं, मग चाळीस वर्षं बोलला का नाहीस? म्हणाला, तुला बरं वाटायचं, म्हणून. आणि नंतर म्हणाला, बोलायला हवं होतं.

१८ जुलै

गेर्गिनाचे चाळीस दिवस आज पुरे. कालिन काल घरी आला. आज सकाळी कुंपणापलीकडून रडला, चांगला खणखणीत. बाटली मिळाल्यावर थांबला. रालित्सा तिकडेच आहे. दोघी पायरीवर बसल्यात, एकीच्या मांडीवर एक, दुसरीच्या मांडीवर एक. मी खिडकी लावून घेतली. मला कुणी बोलावलं नाही, आणि बोलावू नये हे मलाही कळतं.

सर्टिफिकेट काढलं. भिंतीवर चौकोन राहिलाय.

ओग्न्यान: अकरा दिवस. लिहून ठेवते, कुठेतरी लिहिलेलं असावं.

आत्ता रालित्सा येऊन गेली. म्हणाली, आई, ही वही लागणार आहे का तुम्हाला? गेर्गिनाला बाटल्यांच्या वेळा लिहायला हवीय, डॉक्टरने सांगितलंय, वेळ आणि किती ग्रॅम. म्हटलं, ने. ही लिहिलेली पानं तेवढी फाडून घेते.